छावणीतलं भूत घरचंच होतं

सहावा भाग संपला आणि माझ्या मामेभावानं लॅपटॉपच मिटवला. "आपा, हे काय लावलंय? लाखभर माणसं तारेच्या कुंपणात डांबली, त्याची गोष्ट सांगायची सोडून किमोनोतली चुडैल कशाला? छावणी काय कमी भयानक होती?"

'द टेरर' या अमेरिकन भयमालिकेच्या दुसऱ्या सीझनबद्दलची ही तक्रार त्याची एकट्याची नाही. 'इन्फमी' नावाचा हा सीझन २०१९च्या ऑगस्टमध्ये आला, तेव्हा अनेक समीक्षकांनीही हेच म्हटलं होतं. खरा इतिहासच एवढा भीषण, मग वर भूत कशाला? मला हे मत पटत नाही. आणि आपल्यातली तरुण पोरं हे बोलतात तेव्हा तर त्याची काळजी वाटते. म्हणून हा लेख. पुढं कथानक उघड होणार आहे, ज्यांना मालिका आधी बघायची आहे त्यांनी बघून यावं.

आधी इतिहास. ७ डिसेंबर १९४१ला जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी भाषणात त्या तारखेसाठी जो 'कलंक' या अर्थाचा शब्द वापरला, तोच या सीझनचं नाव आहे. मालिका मात्र तो कलंक अमेरिकेच्या कपाळावर लावते. १९ फेब्रुवारी १९४२ला त्याच रूझवेल्ट यांनी ९०६६ क्रमांकाच्या आदेशावर सही केली. त्या आधारावर पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना घरातून उचलून दहा छावण्यांत कोंडलं गेलं. त्यातले दोन तृतीयांश जन्मानं अमेरिकेचे नागरिक होते. कुणावर आरोपपत्र नाही, खटला नाही. जर्मनी आणि इटलीशीही युद्ध चालू होतं, पण त्या वंशाच्या लोकांना असं सरसकट उचललं नाही. चेहऱ्यावरून शत्रू ओळखता येतो, असं ठरलं ते फक्त जपान्यांच्या बाबतीत.

मालिका सुरू होते लॉस एंजेलिसजवळच्या टर्मिनल आयलंडवर. ही खरी जागा. तिथं सुमारे ३,००० जपानी लोकांची कोळ्यांची वस्ती होती. त्यांना घर सोडायला फक्त ४८ तास मिळाले. बोटी, जाळी, भांडीकुंडी लोकांनी मिळेल त्या भावात फुंकून टाकली. छावण्या बांधून होईपर्यंत कित्येक कुटुंबांना घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर, तबेल्यात ठेवलं. मालिकेत म्हाताऱ्या यामातोसानचं काम करणारे जॉर्ज ताकेई स्वतः पाच वर्षांचे असताना आईवडिलांबरोबर अशाच तबेल्यात राहिले होते. नंतर आर्कान्सामधली रोहवर आणि कॅलिफोर्नियातली टूली लेक, अशा दोन छावण्यांत त्यांचं बालपण गेलं. त्यांना बघताना हा म्हातारा अभिनय करतोय की आठवतोय, ते कळत नाही.

आता तो फॉर्म, ज्यासाठी प्रत्येकानं ही मालिका बघायला हवी. १९४३च्या सुरुवातीला छावणीतल्या १७ वर्षांवरच्या प्रत्येकापुढं एक प्रश्नावली ठेवली गेली. २७वा प्रश्न: हुकूम होईल तिथं अमेरिकेच्या सैन्यात लढाल का? २८वा: अमेरिकेशी बिनशर्त निष्ठेची शपथ घ्याल का, आणि जपानच्या सम्राटावरची निष्ठा सोडाल का?

नीट वाचा दुसरा प्रश्न. अमेरिकेत जन्मलेल्या पोराची सम्राटावर निष्ठा कधी नव्हतीच. 'सोडतो' म्हणायचं तर ती आधी होती असं कबूल केल्यासारखं. त्याच्या आईबापांची अडचण आणखी मोठी. जपानहून आलेल्या पहिल्या पिढीला अमेरिकेचं नागरिकत्व घेण्याचीच कायद्यानं बंदी होती, ती १९५२पर्यंत उठली नाही. त्यांनी 'हो' म्हटलं तर हातातला एकमेव देशही जाणार. 'हो' म्हणा की 'नाही', अडकणार तुम्हीच. ताकेई यांच्या आईवडिलांनी दोन्ही प्रश्नांना 'नाही' म्हटलं आणि म्हणून त्या कुटुंबाची रवानगी टूली लेकला झाली.

भारत-पाकिस्तान मॅचच्या दिवशी हॉस्टेलच्या टीव्हीसमोर बसलेल्या आपल्या कुठल्याही पोराला हा २८वा प्रश्न ओळखीचा वाटेल. तो छापलेला नसतो, एवढंच. तुम्ही टाळी किती जोरात वाजवता ते कुणीतरी मागून बघत असतं.

इथपर्यंत माझा मामेभाऊ माझ्या बाजूनं होता. भांडण पुढं आहे.

मालिकेतलं भूत म्हणजे युको. जपानी लोककथेत अतृप्त मेलेल्या माणसाच्या भुताला युरेई म्हणतात, ही तशी. वस्तीतले लोक एकेक करून विचित्र रीतीनं मरायला लागतात. आधी बोटीवर, मग छावणीत. म्हातारे कुजबुजतात, की जपानहून काहीतरी आपल्यामागं आलंय. सहाव्या भागात कळतं की ती जपानहून भूत होऊन आलीच नव्हती. ती आली नवरी म्हणून, नुसत्या फोटोवर ठरलेल्या लग्नासाठी, धडधाकट आणि जिवंत. ती गरोदर आहे हे कळल्यावर ज्याच्याशी लग्न ठरलं होतं त्यानं तिला घराबाहेर काढलं. परका देश, हातात पैसा नाही. रस्त्यावर दिवस काढून तिनं जुळ्यांना जन्म दिला, त्यांना अनाथाश्रमात ठेवलं आणि पुलावरून उडी मारली. त्या जुळ्यांपैकी एक म्हणजे आपला नायक चेस्टर. त्याला वाढवलं युकोच्या सख्ख्या बहिणीनं आणि तिच्या नवऱ्यानं. पण तू कुणाचा, तुझ्या आईचं काय झालं, हे त्याला कुणी कधी सांगितलं नाही. तिचं नावही घरात कुणी घेत नव्हतं.

म्हणजे हे भूत ना सम्राटानं पाठवलं, ना रूझवेल्टनं. ते घरात तयार झालं आणि घरानंच ते झाकून ठेवलं.

"म्हणूनच तर!" मामेभाऊ म्हणाला. "सरकारनं एवढा जुलूम केला आणि मालिका सांगते, दोष तुमच्याच घरात होता. हे तर सरकारचं काम सोपं करणं झालं."

आक्षेप बिनबुडाचा नाही, त्याला उत्तर द्यायला हवं. मालिका असं म्हणते का? छावणी युकोमुळं झाली, असं एकाही दृश्यात नाही. छावणी होते ती आदेशामुळं, बंदुकांमुळं आणि छावणीप्रमुख मेजर बोवेनसारख्या, आपण फार सभ्य आहोत असं वाटणाऱ्या माणसांमुळं. युकोमुळं काय होतं? छावणीत कोंडलेली माणसं एकमेकांकडं बघायला घाबरतात. दोन्ही जुलूम एकाच वेळी खरे आहेत. एक मोठा म्हणून दुसरा खोटा ठरत नाही.

आणि मालिका एक बारीक गोष्ट दाखवते, जी नुसत्या छावणीच्या गोष्टीत सुटली असती. बाहेरचा माणूस सतत संशयानं बघत असला की घराला 'चांगलं दिसायची' सक्ती होते. चांगली वस्ती, चांगली पोरं, चांगल्या बायका. ज्यांच्यामुळं चित्र बिघडेल त्यांना मागच्या खोलीत ढकललं जातं. टाकलेली बाई, प्रश्न विचारणारा पोरगा, फॉर्मवर 'नाही' लिहिणारा शेजारी. संशय बाहेरून येतो, पण त्याची किंमत घरातला सगळ्यात कमजोर माणूस मोजतो.

ही कल्पना नाही. खऱ्या इतिहासात हेच झालं, आणि त्यात भूत एकही नव्हतं.

१९४४मध्ये वायोमिंगमधल्या हार्ट माउंटन छावणीतल्या तरुणांना सैन्यभरतीचे हुकूम आले. काहींनी म्हटलं: आधी आमच्या आईबापांना कुंपणातून सोडा, आमचे हक्क परत द्या, मग आम्ही लढायला येतो. ६३ जणांवर एकत्र खटला चालला आणि सगळ्यांना तुरुंगवास झाला. त्याच काळात ४४२व्या रेजिमेंटमधले जपानी-अमेरिकन सैनिक युरोपात जीव देत होते, आणि त्यांच्यातल्या कित्येकांचे आईबाप इकडं कुंपणात होते. दोघंही तितकेच शूर. पण समाजाच्या पुढाऱ्यांनी एकालाच शूर म्हटलं. जपानी-अमेरिकनांची सगळ्यात मोठी संघटना, जेएसीएल, सरकारला सहकार्य करण्याच्या बाजूची होती. तिनं या पोरांना गद्दार ठरवलं. ही पोरं तुरुंगातून सुटली तरी समाजातून सुटली नाहीत.

आता तारखा बघा. अध्यक्ष ट्रुमन यांनी या भरती नाकारणाऱ्यांना माफी दिली डिसेंबर १९४७मध्ये. अमेरिकेच्या सरकारनं छावण्यांबद्दल कायदा करून जाहीर माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले १९८८मध्ये. आणि जेएसीएलनं या पोरांची जाहीर माफी मागितली २००२मध्ये. ज्या सरकारनं तुरुंगात घातलं त्याला माफी द्यायला तीन वर्षं लागली. स्वतःच्या माणसांना माफी मागायला अठ्ठावन्न. तोवर त्यातले कितीतरी कबरीत गेले होते. टूली लेकच्या 'नाही' म्हणणाऱ्यांची पाळी तर आली २०१९ साली, ही मालिका आली त्याच वर्षी.

'आधी बाहेरची लढाई जिंकू, घरातलं नंतर बघू,' असं आपल्याकडं बैठकीत कुणी म्हणालं की मला हे आकडे आठवतात. 'नंतर' म्हणजे अठ्ठावन्न वर्षं.

आणि गप्प बसून बाहेरची लढाई तरी जिंकता आली का? फ्रेड कोरेमात्सु हे नाव लक्षात ठेवा. हुकूम धुडकावून छावणीत जायला नकार देणारा हा वेल्डर. १९४४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ६ विरुद्ध ३ मतांनी त्याच्याविरुद्ध निकाल दिला. छावणीतल्या आपल्याच लोकांनी त्याला चार हात लांब ठेवलं, कारण तो 'त्रास ओढवून घेणारा'. त्याच्या मुलीला आपल्या बापाचा हा खटला कळला तो शाळेत, वर्गातल्या मैत्रिणीनं केलेल्या सादरीकरणातून. घरी कुणी बोललंच नव्हतं. घरोघरी अशीच गप्पी होती. तिच्यासाठी जपानीत एक बोलही होता, 'शिकाता गा नाई', म्हणजे इलाज नाही.

ही गप्पी फुटली १९८१मध्ये. सरकारनं नेमलेल्या आयोगासमोर ७५०हून जास्त लोकांनी साक्ष दिली. कित्येकांनी जे बायकापोरांनाही सांगितलं नव्हतं, ते भर सभेत रडत सांगितलं. त्यानंतर चक्रं फिरली. १९८३मध्ये आयोगानं लिहून दिलं की या छावण्यांमागं लष्करी गरज नव्हती; वंशद्वेष, युद्धाचा उन्माद आणि नेतृत्वाचा नाकर्तेपणा होता. त्याच वर्षी कोरेमात्सुची शिक्षाही रद्द झाली, कारण सरकारनं न्यायालयापासून पुरावे दडवले होते हे उघड झालं. माफी आली ती लोक बोलल्यावर. चांगलं दिसून आली नाही.

कोरेमात्सुची गोष्ट इथं संपत नाही. ११ सप्टेंबरनंतर ग्वांतानामोमध्ये खटल्याविना डांबलेल्या मुस्लिम कैद्यांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा ऐंशीच्या घरातल्या या म्हाताऱ्यानं त्यांच्या बाजूनं न्यायालयात निवेदन दाखल केलं. आमच्या बाबतीत जे केलं ते यांच्या बाबतीत करू नका, हे त्याचं सांगणं. ज्याला स्वतःच्या घरानं एकटं पाडलं होतं, तो परक्यांच्या बाजूनं उभा राहिला. २०१८मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं कोरेमात्सुविरुद्धचा तो जुना निकाल चुकीचा होता असं म्हटलं खरं, पण ज्या निकालात म्हटलं त्याच निकालात प्रामुख्यानं मुस्लिम देशांवर घातलेली ट्रम्प यांची प्रवासबंदी कायम ठेवली. भुतं अशीच असतात. एका दारातून घालवली की दुसऱ्यातून येतात.

हे सगळं अमेरिकेचं, आपल्याला काय, असं वाटत असेल तर राजस्थानातल्या देवळीचं नाव ऐका. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारनं आग्नेय आशियातून धरून आणलेल्या जपानी नागरिकांना आधी दिल्लीच्या पुराना किल्ल्यात आणि मग देवळीच्या छावणीत ठेवलं होतं. १९६२मध्ये चीनशी युद्ध झालं आणि स्वतंत्र भारतानं त्याच देवळीत आपल्याच देशातल्या चिनी वंशाच्या सुमारे ३,००० लोकांना डांबलं. आसाम, दार्जिलिंग, शिलाँगकडची कुटुंबं. त्यांतल्या कित्येकांचा जन्म इथलाच होता, चीन त्यांनी पाहिलाही नव्हता. काही जण कित्येक वर्षं तिथं राहिले. छावणीत जन्मलेल्या जॉय मा यांनी मुंबईचे लेखक दिलीप डिसोझा यांच्याबरोबर २०२०मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं, 'द देवळीवालाज'. माफी अजून नाही. आणि आपण, ज्यांना नागरिकत्वाचा प्रश्न जिवाचा वाटतो, ते तरी देवळीबद्दल कधी बोललो? मीही हे पुस्तक येईपर्यंत ते नाव ऐकलं नव्हतं. आपल्या दुःखाचा हिशेब आपण चोख ठेवतो. शेजाऱ्याचं पान कोरं.

मालिकेत खोट नाही असं मी म्हणत नाही. मधले भाग रेंगाळतात. गोष्ट छावणी सोडून थेट ग्वाडलकनालच्या रणभूमीवर जाते आणि पकड सुटते. भूत कधीही कुणाच्याही अंगात शिरतं, त्यामुळं एखाद्या मृत्यूचा दोष माणसाचा की भुताचा, याचा गोंधळ होतो. दहा खऱ्या छावण्या असताना कोलिनास दे ओरो ही काल्पनिक अकरावी उभी केली, तेही मला खटकलं. पण 'भूत काढून टाका, नुसती छावणी दाखवा' ही मागणी मला मान्य नाही. नुसत्या छावणीच्या गोष्टीत आपण सगळे फक्त निर्दोष असतो. बघायला बरं वाटतं, डोळे पुसून उठतो, आणि घरात जाऊन मागच्या खोलीचं दार ओढून घेतो.

आमच्या मिरजेच्या घरात अशी खोली आहे. माझ्या धाकट्या खालाला लग्नानंतर चौथ्या वर्षी नवऱ्यानं एका संध्याकाळी माहेरच्या दारात आणून सोडलं आणि मागं वळूनही बघितलं नाही. तेव्हा मी शाळेत होते. बैठक झाली. मोठी माणसं म्हणाली, कोर्टात जायचं नाही, पोलिसात जायचं नाही. "पेपरात येईल. लोकांना आपल्याबद्दल बोलायला निमित्तच पाहिजे." नाना वाईट माणूस नव्हता. तो घाबरलेला होता, आणि तेव्हाची हवा बघता घाबरायला कारणही होतं. पण त्या भीतीची किंमत त्यानं मोजली नाही. मोजली खालानं. पोटगी नाही, निकाल नाही. वीस वर्षं ती मागच्या खोलीत ब्लाऊज शिवतेय. लग्नाच्या फोटोत तिला कुणी बोलवत नाही आणि तीही येत नाही. आम्ही चांगले दिसलो. आमच्याकडं बघायची लोकांची नजर मात्र तसूभरही बदलली नाही.

"आपलं दुखणं उघडं केलं की ते लोक त्याचाच दगड करून मारतात," असं तुम्ही म्हणाल. मारतात. खालाच्या नावानं ज्यांना अचानक कळवळा येतो, त्यांच्यातल्या कितीजणांना खाला हवी असते आणि कितीजणांना फक्त दगड हवा असतो, हे मलाही समजतं. मालिकेतल्या मेजर बोवेनला युकोच्या दुःखाशी काही देणंघेणं नाही, त्याच्या हातात फक्त फॉर्म आहे. पण म्हणूनच तर हे काम आपलं. युकोला बोवेन मुक्त करू शकत नाही. ते चेस्टरलाच करावं लागतं, तिच्या पोटच्या पोराला. ती कोण होती, तिच्यावर काय गुदरलं हे त्यानं समजून घेतल्यावरच तिला शांती मिळते. आणि दगडाचं म्हणाल, तर जे दुखणं आपणच बोलून दाखवलं आणि ज्यावर इलाज सुरू केला, त्याचा दगड फार जड राहत नाही. झाकलेल्या दुखण्याचाच होतो.

तेव्हा दोस्तांनो, ही मालिका बघा, आणि भुताचे प्रसंग पुढं ढकलू नका. सरकारनं काय केलं ते बघा, कारण फॉर्म आपल्यापुढंही येतात. आणि घरानं काय केलं तेही बघा, कारण घर आपलंच आहे.

मागच्या जुम्म्याला मी सहावा भाग खालाला दाखवला. भाषा कळत नव्हती, मी शेजारी बसून सांगत गेले. युको पुलाच्या कठड्याजवळ गेली तेव्हा खाला मशीन थांबवून म्हणाली, "हिला कुणी विचारलं नाही का गं, तुला काय पाहिजे?"

मी म्हटलं, "नाही."

मग मी तिला विचारलं. वीस वर्षांत पहिल्यांदा. ती काय म्हणाली ते इथं लिहिणार नाही, ते तिचं आहे. मामेभाऊ दारात उभा राहून ऐकत होता. पुढच्या आठवड्यात आम्ही तिघं वकिलाकडं जातोय.